हजेरी चावडीवरची आणि हजेरी शाळेतली

(बडनेरा येथे शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बडनेरा हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे ते रेल्वेच्या जंक्शनमुळे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला, वऱ्हाडचा कापूस त्या मार्गाने बंदराकडे जाऊ लागला आणि त्या वाटेवरचे हे गाव देशाच्या नकाशावर आले. अमरावतीला जाणाऱ्या पुष्कळ प्रवाशांना आजही येथेच उतरावे लागते. गाडीतून उतरणारा प्रवासी सामान सांभाळीत जिन्याकडे वळतो, तेव्हा आठ-दहा वर्षांची एखादी मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन त्याच्यापुढे हात पसरते. प्रवासी खिसा चाचपतो तो नाणे काढण्यासाठी नव्हे. पाकीट जागेवर आहे ना, याची खात्री करून घेण्यासाठी. ती मुलगीही हे ओळखून असते. तिने ते इतक्यांदा पाहिलेले असते की त्याचे तिला काही वाटेनासे झालेले असते.

त्याच वेळी गावातल्या शाळांची घंटा होते. नव्या वस्तीत आणि जुन्या वस्तीत मुले गणवेश घालून रांगेत उभी राहतात, प्रार्थना होते आणि गुरुजी हजेरीपट उघडतात. त्या पटावर फलाटावरच्या त्या मुलीचे नाव नसते. क्वचित असते, परंतु नावासमोर गैरहजेरीच्या खुणांची ओळ लागलेली असते. शाळांमधील सामाजिक न्याय हा विषय निघाला की चर्चा बहुधा शासनाच्या योजनांवर, आरक्षणावर आणि शिष्यवृत्तीच्या रकमेवर जाते. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु बडनेऱ्यासारख्या गावात या प्रश्नाला हात घालायचा, तर तो या हजेरीपटापासूनच घालावा लागेल.

वऱ्हाडातल्या फलाटांवर आणि चौकांत भीक मागताना दिसणाऱ्या मुलांत फासेपारधी समाजाची मुले पुष्कळ असतात. फासे लावून तितर, लावे, ससे, हरणे धरणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. जनावराची वाट, त्याची पाण्यावर येण्याची वेळ, वाऱ्याची दिशा यांचे सूक्ष्म ज्ञान या लोकांपाशी पिढ्यान्‌पिढ्या होते. शेतातल्या उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यांचा बंदोबस्त करणारा म्हणून शेतकऱ्यालाही पारधी हवासा असे. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आवश्यक होता, यात शंका नाही. मात्र ज्याचे पोट शिकारीवर होते, त्याच्या हातात दुसरे कोणते काम द्यायचे, याचा विचार त्या कायद्याबरोबर झाला नाही. शेतजमीन नाही, कारागिरी नाही, गावात घर नाही. फासा गेला आणि हातात भिकेचे भांडे आले.

परंतु या समाजाच्या दुर्दशेचे मूळ त्याहूनही जुने आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रज सरकारला भटक्या, शस्त्र बाळगणाऱ्या, एका गावी न राहणाऱ्या जमातींविषयी धास्ती वाटू लागली. अशा जमाती बातम्या नेतात, बंडखोरांना वाटा दाखवितात, त्या कोणाच्या ताब्यात राहत नाहीत. याचा बंदोबस्त म्हणून १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करण्यात आला. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता; १९११ साली त्याची व्याप्ती देशभर वाढली. या कायद्याने जगाच्या इतिहासात क्वचितच घडलेली एक गोष्ट केली. गुन्हा करणाऱ्याला गुन्हेगार न ठरविता त्याने जन्मास आलेल्या मुलालाही गुन्हेगार ठरविले. पारधी या नावावर तेव्हा जो शिक्का बसला, तो शाई वाळली तरी पुसला गेला नाही.

या कायद्याच्या अंमलबजावणीचे साधन म्हणजे हजेरी. नोंद झालेल्या जमातीच्या माणसाने ठरलेल्या वेळी चावडीवर किंवा पोलीस चौकीत जाऊन आपण येथेच आहोत, कोठे गेलेलो नाही, हे दाखवायचे. परगावी जायचे तर परवाना काढायचा. बाप हजेरीला गेला की मुलगाही त्याच्या बोटाला धरून जाई आणि ‘हजर’ हा शब्द त्याच्या कानावर पहिल्यांदा पडे तो तेथे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी या प्रथेतील अमानुषता ओळखली आणि १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींवरील हजेरीची सक्ती उठविली. फासेपारध्यांना तर महाराजांनी स्वतःच्या पदरी कामावर ठेवले. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा असे सरकारी कागद सांगत होते, त्यांच्याच हाती त्यांनी पहारा दिला. उर्वरित हिंदुस्थानात मात्र ही व्यवस्था चालूच राहिली. स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. म्हणूनच या समाजाचे अनेक लोक त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात.

कायदा गेला, परंतु समाजमनातला कायदा गेला का? या प्रश्नाचे उत्तर पोलीस ठाण्यात शोधण्याची आवश्यकता नाही. ते चौथीच्या वर्गात मिळते. वर्गात एखाद्याची कंपासपेटी हरवते. बाई विचारतात, कोणी घेतली? चाळीस मुलांच्या चाळीस माना एका बाकाकडे वळतात. मग बाई त्या बाकावरच्या मुलाचे दप्तर उघडायला लावतात. मनात काही वाईट असते असे नाही. लवकर निकाल लागावा, इतकेच. दप्तरात काही सापडत नाही. मधल्या सुट्टीनंतर पेटी जिची तिच्याच बाकाखाली मिळते. प्रकरण संपते आणि बाई ते विसरूनही जातात. तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी येत नाही. गावात कोठे चोरी झाली की रात्री बेड्यावर येणारी झडती त्याने पाहिलेली असते. शाळा ही झडती नसलेली जागा आहे, एवढ्याच भरवशावर तो आलेला असतो. तो भरवसा गेल्यावर मोफत पुस्तके आणि गणवेश त्याला कशासाठी हवे असतील? गुरुजींच्या पटावर त्याची नोंद ‘सतत गैरहजर’ अशी होते आणि वर्षाअखेरच्या अहवालात कारण लिहिले जाते, ‘पालकांची उदासीनता’.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बेड्यावरचे सगळेच निर्दोष आहेत, असा दावा करणारा मनुष्य या समाजाचे हित करीत नाही. बेड्यांवर गुन्हे घडतात, दारू गाळली जाते, मुलींची लग्ने बालवयात उरकली जातात आणि जातपंचायतीच्या दंडाची धास्ती अजून आहे. भीक मागणारे मूल दिवसाकाठी घरात चार पैसे आणते, म्हणून त्याला शाळेत पाठवायला आई-बापच नाखूष असतात, हेही खरे. परंतु कोणत्या समाजात दोष नाहीत? इतर समाजात गुन्हा करणाऱ्याला एकट्याला शिक्षा होते. येथे त्याच्या सात वर्षांच्या मुलाचे दप्तर उघडले जाते. सामाजिक अन्यायाची याहून स्पष्ट व्याख्या करता येणार नाही.

शाळेच्या दारात या मुलासमोर जे अडथळे उभे राहतात, त्यांतले काही डोळ्यांना दिसत नाहीत. पहिला अडथळा भाषेचा. पारधी घरांत बोलली जाते ती गुजराती-राजस्थानी वळणाची बोली. वऱ्हाडी त्याला बाजारापुरती येते. पाठ्यपुस्तकातली मराठी ही त्याच्यासाठी जवळजवळ परभाषाच. पहिलीचे गुरुजी फळ्यावर शब्द लिहितात आणि चित्र दाखवितात. चित्रातल्या पक्ष्याच्या दहा सवयी या मुलाला ठाऊक असतात, परंतु त्या पक्ष्याचे पुस्तकातले नाव येत नाही, म्हणून तो ‘ढ’ ठरतो. मध्यमवर्गीय घरातले मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेले आणि पहिले सहा महिने गप्प बसले, तर त्याची काळजी करणारी आई असते, शिकवणी असते. पारधी मुलाच्या गप्प बसण्याची दखल कोण घेते?

दुसरा अडथळा कागदाचा, आणि त्याच्यावर थोडे अधिक बोलले पाहिजे. महाराष्ट्रात फासेपारधी हे अनुसूचित जमातीत मोडतात. राजपारधी, गावपारधी यांची नोंद मात्र विमुक्त जातींच्या यादीत आहे. दोन्ही बेडे शेजारी असतात, चालीरीती बऱ्याचशा सारख्या, आणि सवलती वेगळ्या. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. ज्याच्या आजोबाच्या नावावर घर नव्हते, शेत नव्हते, जो कधी शाळेत गेला नाही, त्याने १९५० चा कागद आणायचा कोठून? विचित्र योग असा, की त्या काळात त्याच्या आजोबाचे नाव सरकारी दप्तरात असण्याची शक्यता एकाच ठिकाणी आहे, आणि ते म्हणजे पोलिसांची हजेरीवही. त्याला चोर ठरविण्यासाठी सरकारला त्याचा पत्ता ठाऊक होता. त्याच्या नातवाला शिष्यवृत्ती देण्याची वेळ आली, तेव्हा त्याच व्यवस्थेला तो पत्ता सापडेनासा झाला. भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नांचा देशभर अभ्यास करून केंद्राला अहवाल दिला. त्यानंतर काही योजना आल्या. परंतु कोणतीही योजना शेवटी तलाठ्याच्या आणि तहसीलदाराच्या मेजावर दाखल्यापाशी येऊन थांबते.

यात एक दिलासा आहे, आणि तो पुष्कळ शिक्षकांनाही नीट माहीत नसतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जन्माचा दाखला नाही, या कारणाने कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला नाही, या कारणानेही नाही. मूल दहा वर्षांचे असेल आणि कधी शाळेत गेले नसेल, तर त्याला पहिलीत लहान मुलांमध्ये न बसविता वयाला साजेशा वर्गात घ्यायचे आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षण देऊन भरून काढायचा, असे तो कायदा सांगतो. मुलाचा शारीरिक वा मानसिक छळ हा त्या कायद्याखाली दंडनीय आहे. चाळीस मुलांसमोर एकट्याचे दप्तर उघडणे या सदरात मोडते किंवा नाही, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने स्वतःशी करावा.

वऱ्हाडच्या भूमीला हा विषय नवा नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातले पापळ हे डॉ. पंजाबराव देशमुखांचे जन्मगाव. २७ डिसेंबर १८९८ हा त्यांचा जन्मदिवस. विलायतेत शिकून, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर आणि विकासावर प्रबंध लिहून ते परतले. वकिली करून सुखाने राहता आले असते. त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. वसतिगृहे तेव्हाही होती, परंतु बहुतेक जातीजातींची होती. श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. १९२७ साली अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य बांधवांना खुले व्हावे म्हणून चळवळ झाली, तीत पंजाबराव होते. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना मोकळ्या करविल्या. मंदिर, विहीर आणि वसतिगृह यांपैकी वसतिगृहाचा उल्लेख भाषणांत सर्वांत कमी होतो. वास्तविक ते काम सर्वांत कठीण होते. मंदिरात मनुष्य घटकाभर जातो. वसतिगृहात मात्र शेजारी-शेजारी अंथरूण टाकावे लागते, एकाच भांड्यातले वरण वाढून घ्यावे लागते, शेजारच्याला ताप आला तर रात्री उठावे लागते. जातीचा अहंकार तेथे वर्षभर टिकणे अवघड.

याच जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी तर हातातल्या खापरात भाकर खाऊन मुलांना शिकवा म्हणून गावोगावी कंठशोष केला. त्यांच्या कीर्तनाला जमणारा समाज सर्व जातींचा असे आणि एकत्रच बसे. बाबांची पुण्यतिथी आजही गावोगावी साजरी होते. त्या दिवशी हातात खराटे घेऊन रस्ते झाडले जातात, ते योग्यच. परंतु झाडलेल्या रस्त्याच्या कडेला ज्याचे पाल आहे, त्याचे मूल कोठे आहे, याची चौकशी त्या दिवशी व्हायला कोणाची हरकत असेल?

पापळ ज्या तालुक्यात आहे, त्याच नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा हे गाव आहे. बडनेऱ्याहून यवतमाळच्या रस्त्याने निघाले की हा तालुका लागतो. तेथे २०१२ साली एक निवासी शाळा सुरू झाली. तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. संस्थापक मतीन भोसले हे स्वतः फासेपारधी समाजातले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पारधी समाजातल्या माणसाला सरकारी नोकरी मिळणे म्हणजे केवढी गोष्ट, हे सांगायला नको. भोसले यांनी ती नोकरी सोडली. रेल्वे स्थानकांवर, चौकांत भीक मागणारी मुले त्यांनी गोळा केली, त्यांच्या आई-बापांची समजूत घातली आणि मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर शाळा चालविली. पुढे तिथल्या मुलांची संख्या चारशेच्या वर गेली. शाळेला लोक ज्ञानमंदिर म्हणतात, विद्यानिकेतन म्हणतात. या माणसाने आपल्या शाळेला प्रश्नचिन्ह म्हटले, कारण त्याच्या समाजापुढे उत्तर असे काही नव्हतेच, सगळे प्रश्नच होते.

त्यानंतर नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची आखणी झाली आणि ७०१ किलोमीटरच्या त्या मार्गाच्या रेषेत या शाळेचीही जागा आली. २०१९ च्या जूनमध्ये शाळेच्या वास्तूचा काही भाग पाडला गेला. मुलांचे ग्रंथालय त्यात गेले. महामार्ग राष्ट्राच्या उपयोगाचा आहे, याबद्दल वाद नाही. तो जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि त्यावरून वऱ्हाडचा शेतमाल वेगाने जाऊ लागला, हा आनंदच. परंतु एवढ्या लांबीच्या रस्त्याची आखणी करताना बड्या लोकांच्या मालमत्तेसाठी किती ठिकाणी फेरविचार होतो आणि पारध्यांच्या शाळेसाठी किती होतो, हा प्रश्न विचारण्यात विकासविरोध नाही. जी मुले फलाट सोडून आली होती, त्यांनी आपले ग्रंथालय पडताना पाहिले. झडतीची सवय असलेल्या मुलांना त्यातून काय कळले असेल?

मराठवाड्यात तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीला गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी जे काम सुरू केले, ते या नियतकालिकाच्या वाचकांना सविस्तर सांगण्याची गरज नाही. माळरानावर, पालांमधून आणलेल्या मुलांना आंघोळीपासून अक्षरांपर्यंत सारे शिकवावे लागले. कार्यकर्त्यांनाही बरेच शिकावे लागले, असे म्हणणे अधिक खरे. मुलाने भिंतीवरून उडी मारून पळून जाणे हा उद्धटपणा नसून, भिंत म्हणजे तुरुंग असे त्याच्या घराने त्याला शिकविलेले असते, ही गोष्ट कोणत्याही डी.एड.च्या पुस्तकात सापडत नाही.

मात्र येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो आणि त्याला बगल देणे योग्य नाही. अशा वेगळ्या शाळा हेच उत्तर आहे का? पारध्यांची शाळा वेगळी, आदिवासींची आश्रमशाळा वेगळी, पैसेवाल्यांची वेगळी आणि उरलेल्यांची नगरपालिकेची, अशी व्यवस्था कायम राहिली तर चांगल्या हेतूने का होईना, गावाबाहेरचा बेडा गावाबाहेरच राहील. फक्त त्याला पक्की इमारत मिळेल. दुसऱ्या बाजूने, आज जर प्रश्नचिन्ह किंवा यमगरवाडीसारख्या शाळा नसत्या, तर ती मुले सर्वसाधारण शाळेत गेली असती, असे मानणे ही आत्मवंचना होय. ती फलाटावरच राहिली असती. सर्वसाधारण शाळेने त्यांना ठेवून घेतले नाही, म्हणून वेगळी शाळा काढावी लागली.

शाहू महाराजांचे धोरण या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या जातींची वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले. ज्याला घराचा आधार नाही त्याला आधी आपल्या माणसांत उभे राहू द्यावे, असा त्यामागे विचार होता. परंतु ते तेथे थांबले नाहीत. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वसाधारण शाळांतच घ्यावीत, असा हुकूम काढला. वेगळे वसतिगृह चालेल, कारण ते घराच्या जागी आहे. वेगळी शाळा चालणार नाही, कारण शाळा ही समाजाच्या जागी आहे. शंभर वर्षांपूर्वी एका राजाला जे स्पष्ट दिसले, ते आजच्या पालकसभांना दिसते का, हे तपासले पाहिजे.

कारण आता प्रश्न येतो तो मध्यमवर्गीय घरांचा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या कोणत्याही गावी वकिलाचा मुलगा, शिंप्याचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एकाच शाळेत जात. भेदभाव होता, काही ठिकाणी तीव्र होता, त्याचे गुणगान करण्याचे कारण नाही. परंतु बाक एक होता. पुढे मध्यमवर्गाने नगरपालिकेची शाळा सोडली, मग अनुदानित मराठी शाळाही सोडली. या गमनाला जातीचे नाव कोणी दिले नाही. कारण सांगितले गेले ते इंग्रजीचे आणि ‘वातावरणा’चे. वातावरण हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्या आड किती आडनावे लपतात, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते. जे घर गणेशोत्सवात समरसतेवर निबंधस्पर्धा ठेवते, तेच घर मुलाच्या वाढदिवसाला कोणाकोणाला बोलवायचे याची यादी आडनावे पाहून करते. हा दुटप्पीपणा मुलांच्या लक्षात येतो. मोठ्यांना वाटते त्याहून फार लवकर येतो.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील बालकांसाठी ठेवल्या. तुटलेला बाक पुन्हा जोडण्याचा तो एक प्रयत्न होता. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या जबाबदारीतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्दच केला. न्यायालयाचा निर्णय स्वागतार्ह होता. शासन गरीब मुलाला शाळा नाकारीत नव्हते, हे खरे. सरकारी शाळा त्याच्यासाठी होतीच. नाकारला जात होता तो शेजार. आणि या कायद्यातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

तरीही त्या २५ टक्क्यांत बेड्यावरचे मूल सहसा नसते. अर्ज ऑनलाइन भरायचा, राहण्याच्या पत्त्याचा पुरावा जोडायचा, नकाशावर घराची जागा दाखवायची आणि त्यावरून शाळेचे अंतर ठरायचे. ज्याचे घर पालाचे, पावसाळ्यात एके जागी आणि उन्हाळ्यात दुसरीकडे, त्याने नकाशावर खूण कोठे करायची? शिकलेल्या घरातील कोणी शेजारी बसून तो अर्ज भरून दिल्याखेरीज हे होणार नाही. स्वयंसेवी कार्यकर्त्याला यापेक्षा ठोस काम दुसरे कोणते असेल, हे सांगणे अवघड आहे. त्याला सभागृह लागत नाही, हारतुरे लागत नाहीत. एक भ्रमणध्वनी आणि दोन तासांची फुरसत पुरते.

प्रवेश मिळाल्यानंतरचे काम मात्र घराघरांत आहे. खासगी शाळेत २५ टक्क्यांतून आलेल्या मुलाला वेगळ्या बाकावर बसविले जाते का, सहलीला त्याला वगळले जाते का, हे इतर पालकांनी विचारले तर व्यवस्थापनाला उत्तर द्यावे लागते. त्या मुलाच्या आईने विचारले तर तिला फाटकावरच थांबविले जाते. जिल्हा परिषदेच्या वा महापालिकेच्या शाळेत दुपारची खिचडी शिजते. पंजाबरावांच्या छात्रालयात जे घडविण्यासाठी एका माणसाला आयुष्य वेचावे लागले, ती सहपंगत आज शासनाच्या खर्चाने रोज बसते. पण तिच्याकडे कोणी पंगत म्हणून पाहत नाही, अनुदान म्हणून पाहतात. ज्या पालकांची मुले तेथे शिकत नाहीत, त्यांनीही वर्षातून दोन-चार वेळा तेथे जाऊन मुलांबरोबर खिचडी खावी. पहिल्या दिवशी मुले बुजतील, तिसऱ्या वेळी शेजारी जागा धरून ठेवतील.

शिक्षकांवर आज शिक्षणबाह्य कामांचा केवढा बोजा आहे, याची कल्पना या सभागृहातल्या प्रत्येकाला आहे. निवडणूक, सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते, भ्रमणध्वनीवरून रोज मागविले जाणारे आकडे यांतून वेळ काढून बेड्यावर जा, असे शिक्षकाला सांगणे सोपे आहे. तरीही जे शिक्षक गेले, त्यांचा अनुभव बहुधा सारखाच आहे. पहिल्या भेटीत बेडा रिकामा होतो, कारण पायात बूट आणि हातात कागद असलेला माणूस म्हणजे पोलीस किंवा वसुलीवाला. दुसऱ्या भेटीत म्हाताऱ्या बायका बोलू लागतात. मुलाचे खरे नाव कळते ते तिसऱ्या किंवा चौथ्या भेटीत, कारण पटावर लिहिलेले नाव कोणी तरी घाईत ठेवून दिलेले असते आणि घरात त्याला त्या नावाने कोणी हाक मारीत नाही. हजेरी घेताना मूल उत्तर का देत नव्हते, याचा उलगडा काही वेळा एवढ्यावरच होतो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. पटनोंदणीला तेवढे अधिक दिवस मिळतात. त्या दिवसांत बडनेऱ्याच्या फलाटावर गाड्यांची गर्दी असते, लग्नसराईहून परतणारी कुटुंबे असतात आणि त्या मुलीच्या भांड्यात इतर दिवसांपेक्षा थोडी अधिक नाणी पडतात. नाणे टाकणाऱ्याने ते अवश्य टाकावे. टाकताना तिला एक प्रश्न विचारावा, तुझे नाव काय? ती बहुधा सांगणार नाही. तिच्या घरात अनोळखी माणसाने नाव विचारणे याचा अर्थ तीन पिढ्या एकच होता. तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे, आणि तिने सांगितले की ते नाव घेऊन जवळच्या शाळेतल्या गुरुजींकडे जावे.